बाईंनी काढलेली माणसं

सारजाबाई गेल्या त्या दिवशी त्यांचे यजमान चांगदेव यांनी जुन्नरला आदेशला फोन लावला, तर आदेशचा विश्वासच बसेना.

"अण्णा, खरंच गेल्या का बाई? का परत नव्या नावानं यायचं चाललंय?"

"आरं, दारात तिरडी बांधायला घेतलीय," चांगदेव म्हणाले.

आदेशचंही चुकलं नव्हतं. जुन्नरच्या पेठेत त्याचा सायबर कॅफे होता आणि तिथून तो इंटरनेटवर 'निमगाव सावा कट्टा' चालवायचा. गावातली आणि गावाबाहेर गेलेली मिळून दोनशे माणसं त्यावर लिहायची. सारजाबाई त्याच्या शाळेतल्या बाई, आता रिटायर झालेल्या. दर रविवारी एसटीनं बाजाराला जायच्या, भाजी घेतली की कॅफेत बसायच्या आणि कट्ट्यावर जो जे खोटं लिहील ते खोडून काढायच्या. आदेशनं लिहिलं, गावची विहीर माझ्या आजोबांनी खणली. बाईंनी खाली लिहिलं, 'विहीर बहिरूनं आणि त्याच्या भावांनी खणली. तुझ्या आजोबांनी नारळ फोडला.'

आदेशनं बाईंना काढलं. बाई 'लंकाबाई' होऊन परत आल्या. मग त्या बसायच्या त्या कॉम्प्युटरलाच त्यानं बंदी घातली. कॅफेची लाइन एकच, त्यामुळं आठही कॉम्प्युटर बाहेर गेले आणि दोन दिवस आदेशच कट्ट्याबाहेर बसला. तिसऱ्यांदा काढलं, तेव्हा बाईंनी भाच्याच्या नावानं स्वतःच्या निधनाची बातमी लिहिली. लोकांनी श्रद्धांजली वाहिली. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका भाचा दुरुस्त करायला लागला, तेव्हा बाई सापडल्या.

शेवटी गावानं गावचाच उपाय केला. सोसायटीत कुणी फार त्रास दिला की त्याला कमिटीवर घेतात, मग तो गप्प होतो. सरपंच सावळेराम यांच्या सांगण्यावरून आदेशनं बाईंना कट्ट्याचं प्रमुख केलं, सगळे अधिकार दिले. बाईंनी एका रविवारात दोनशेच्या दोनशे माणसं काढली. प्रत्येकाला मेलवर कारण कळवलं. आदेशला, 'विहीर.' सरपंचांना, 'नववी नापास, लिहितो बी.ए.'

काढलेल्यांत चांगदेवही होते. बाईंनीच हौसेनं आदेशकडून त्यांची मेल काढून घेऊन त्यांना सभासद केलं होतं. ते तिकडं कधी फिरकले नव्हते. त्या दिवशी जेवताना बाई म्हणाल्या, "तुम्हाला पण काढलंय."

"मी काय केलं?"

"कळवलंय."

चांगदेव हसले आणि भाकरी मोडून घेतली. गुरुवारी बाई हार्ट अटॅकनं गेल्या. कट्ट्याचा पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. तेव्हापासून चांगदेवांच्या डोक्यात एकच होतं, माझा गुन्हा काय.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. अण्णांना सांभाळू म्हणून झालं, शाळेला फोटो देऊ म्हणून झालं. शेवटी आदेश हात जोडून पुढं झाला. "बाई, विहीर आजोबांनी न्हाई खणली."

कावळा आला, घास घेऊन गेला. पण तोवर मागं रांग लागली होती. सरपंच म्हणाले, "आता आलोच हाय तर सांगून टाकतो," आणि नववीचं सांगितलं. पिंडाजवळ कावळा नव्हता, तरी तासभर लोक खोटं कबूल करत होते. चांगदेवांना काय कबूल करावं तेच ठाऊक नव्हतं.

तेरावा झाल्यावर ते जुन्नरला गेले. आदेशनं त्यांची मेल उघडून दिली. आत एकच पत्र होतं.

'तीन वर्षं सभासद आहात, एक अक्षर लिहिलं नाहीत. घरीही तेच. चार ओळी लिहिल्यात तर परत घेईन.'

"सांगा अण्णा, मी टाइप करतो," आदेश म्हणाला.

चांगदेव खुर्चीवरून उठले. "लई घाई झाली राव," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो."

ते दर रविवारी येतात. भाजी घेतात, बाईंच्या कॉम्प्युटरपुढं बसतात, एसटीची वेळ झाली की उठतात. दोनशे माणसं बाहेरच आहेत. चांगदेवांच्या चार ओळींतली पहिली ओळ अजून लिहून झालेली नाही.