अळूला सोडायचं पाणी

पाळक ज्या फळ्यांवर उभं राहून उपदेश करतात ना, त्या फळ्यांखालून मी बोलतोय. मी हौद, बाप्तिस्म्याचा. ओगबोमोशो शहराच्या अलीकडे, लाल मातीच्या रस्त्याला लागून आमच्या बाप्तिस्त मंडळीचं मंदिर आहे. त्याच्या व्यासपीठाखाली माझं सगळं आयुष्य गेलं.

वर्षातून मोजक्या वेळा फळ्या निघतात. बाया डोक्यावरून पाणी आणून मला भरतात आणि पांढऱ्या झग्यातली माणसं माझ्यात उतरतात. झगा फुगून वर तरंगू नये म्हणून त्याच्या काठात खडे शिवलेले असतात. एरवी माझ्यात मोडक्या खुर्च्या, एक फुटका ढोल आणि लाल डोक्याचा सरडा राहतो. सरड्याबद्दल माझी तक्रार नाही. तो गप्प असतो.

मला अकिनलोये गवंड्यानं बांधलं. त्याआधी बाप्तिस्मे ओढ्यात व्हायचे. हौद बांधायचा ठरला तेव्हा म्हाताऱ्यांना एकच काळजी होती. ओढ्याचं पाणी वाहून जातं, हौदातलं साचून राहील, आणि साचलेल्या पाण्याला कुणीतरी एक दिवस हात जोडेल. म्हणून मंडळीनं हात वर करून ठराव केला की बाप्तिस्मा झाला की त्याच दिवशी पाणी सोडायचं. अकिनलोयेनं माझ्या तळाला लाकडी बूच बसवलं आणि नळी काढली ती थेट मागच्या अळूच्या वाफ्यात. तेव्हापासून आमच्या मंदिरामागचं अळू सगळ्या गावात उंच.

दर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी माझ्या डोक्यावर एक गोष्ट सांगितली जाते. पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीत एका संन्याशानं विचारलं की पापाची माफी कागदावर विकता येते, हे शास्त्रात कुठे लिहिलंय? त्या एका प्रश्नानं मोठमोठे धर्मगुरू हादरले. काही जण त्याच्याही पुढे गेले. म्हणाले, तान्ह्या बाळाला काय कळतं? ज्यानं त्यानं स्वतः विश्वास धरावा आणि मग पाण्यात उतरावं. पाणी हवंय ना, मग घ्या, असं म्हणून राज्यकर्त्यांनी त्यांच्यातल्या काहींना नदीत बुडवून मारलं. ती माणसं आमचे थेट पूर्वज की लांबचे नातलग, यावर वर वाद चालतात. मला मात्र ते ऐकताना दर वेळी गारठायला होतं.

आणि नोव्हेंबर लागला की ही गोष्ट सणाच्या कापडी फुलांसारखी पेटीत जाते. मला चीड येते ती याची. प्रश्न विचारून ज्यांचे पूर्वज बुडाले, त्यांना स्वतःच्या अंगणात प्रश्न विचारायची लाज का वाटावी?

कारण आमच्याकडे झालं ते असं. रस्त्यापलीकडे एक नवी मंडळी उभी राहिली. मोठे कर्णे, रंगीत दिवे, रोज एक चमत्कार. आमची तरुण पोरं तिकडे जाऊ लागली. आमचे पाळक ओयेदिरान वाईट माणूस नाहीत, पण रिकामी बाकं बघून त्यांची झोप उडाली होती. अशात एका बाप्तिस्म्यानंतर एका बाईनं माझ्यातलं पाणी बाटलीत भरून नेलं आणि तिचा ताप उतरला. पुढच्या बाप्तिस्म्याला बाटल्या घेऊन रांग लागली. पाळकांनी सुरुवात केली नव्हती, पण त्यांनी थांबवलंही नाही. हळूहळू व्यासपीठावरून जाहीर झालं की दानपेटीत काहीतरी टाका आणि आशीर्वादाचं पाणी न्या. बूच काढणं बंद झालं. मागचं अळू पिवळं पडलं.

मी आतून ओरडत होतो की अरे, मी फक्त सिमेंट आहे. पण हौदाचं कोण ऐकतं.

रांगेत मोरोलाकेची आई असायची. तिला रक्तदाबाचा जुना त्रास. तिनं गोळ्या बंद केल्या आणि सकाळ-संध्याकाळ माझं पाणी प्यायला लागली. एका रविवारी व्यासपीठाची पायरी चढताना तिचा तोल गेला आणि ती माझ्या फळ्यांवर धाडकन बसली. तिच्या छातीची धडधड मला लाकडातून ऐकू आली.

मोरोलाके तिची एकुलती एक मुलगी, इबादानच्या कॉलेजातून नुकतीच शिकून आलेली. तिनं पाळकांना एकट्यात गाठलं. त्यांनी मान खाली घालून सांगितलं की आत्ता बोललो तर लोकांच्या श्रद्धेला धक्का बसेल. मग ती मंडळीच्या सभेत उभी राहिली. आमच्यात सभेपुढे पाळकही मोठा नाही. प्रत्येक सभासदाला बोलायचा हक्क असतो आणि एक मत. पण सभासद तोच, ज्यानं बाप्तिस्मा घेतलाय. मोरोलाकेनं घेतला नव्हता. सभेनं तिला खाली बसवलं.

आठवड्याभरात तिनं बाप्तिस्मा मागितला. मंडळीच्या ज्येष्ठ सेविका आबेके मावशींनी तिला माझ्या फळ्यांवरच गाठलं.

"काय गं, मतासाठी बुडतेस का?"

"नाही मावशी. येशूवर माझा विश्वास कधीचाच आहे. सगळे म्हणायचे, पाण्यात उतरलीस की बदलशील. मला ते जादूटोण्यासारखं वाटायचं, म्हणून टाळलं. आता कळलं, पाण्यात जादू नाही असं जुनी माणसंच सांगून गेलीत. मग मी बाहेर का राहू?"

मावशी म्हणाल्या, "तोंड तुझ्या आजीसारखंच फटकळ आहे. खडे जरा जास्त शिवते झग्याला, नाहीतर तू वरच राहशील."

बाप्तिस्म्याच्या दिवशी मला भरणाऱ्या बायांत तिची आईही होती, धापा टाकत. मंदिर भरलेलं. बाटल्या बाकांखाली तयार. मोरोलाके पायऱ्या उतरून आली, शेजारी कमरेपर्यंत पाण्यात पाळक.

आमची एक रीत आहे. बुडण्याआधी उमेदवार आपली साक्ष स्वतःच्या शब्दांत देतो, आणि त्या वेळी त्याला कुणीही अडवत नाही. राजा असो की पाळक.

"तुझा विश्वास कोणावर आहे?" पाळकांनी विचारलं.

"येशूवर," मोरोलाके म्हणाली. "या पाण्यावर नाही."

एका बाकाखाली बाटली आडवी होऊन घरंगळत गेली.

"हे आपल्या विहिरीचं पाणी आहे. सकाळी माझ्या आईनं डोक्यावरून आणलं. गोळ्या सोडल्यापासून तिला चार पावलं चालवत नाही, तरी आणलं. पाळक, लहानपणी रविवारच्या वर्गात तुम्हीच शिकवलंत, कुणी काही सांगितलं तर विचारायचं, हे शास्त्रात कुठे आहे. म्हणून तुम्हालाच विचारते. बाटलीचं कुठे आहे?"

पाळकांनी पाय सरकवून माझं बूच चाचपलं. सगळ्या मंदिरात ते फक्त मला कळलं. मग ते म्हणाले, "कुठेच नाही, पोरी. मी घाबरलो होतो."

मग त्यांनी तिला पाठीवर हात देऊन बुडवलं आणि वर काढलं. ती नाकातोंडावरचं पाणी पुसत होती तोवर ते बुचाकडे वाकलेसुद्धा.

"थांबा, पाळक," आबेके मावशी उठल्या. "चूक तुम्ही एकट्यानं केलीत. दुरुस्ती तरी सगळ्यांना विचारून करा."

कुणीतरी हसलं, आणि मग बरेच जण हसले, पाळकही. तिथेच मत घेतलं. पाणी जुन्या ठरावाप्रमाणे सोडायचं का? हात वर होऊ लागले. मोरोलाकेनं माझ्यात उभं राहूनच तिचं पहिलं मत दिलं. तिच्या कोपरावरून पाणी टपटप माझ्यात पडत होतं. सगळेच हात वर झाले नाहीत, पण पुरेसे झाले. तिच्या आईचा झाला नाही.

बूच निघालं. मी रिकामा होत गेलो.

मंदिर रिकामं झाल्यावर आई माझ्या काठावर येऊन बसली. मोरोलाके ओल्या केसांनीच गोळी घेऊन आली.

"मी हात वर केला नव्हता," आई म्हणाली.

"नको करूस. तो तुझा हक्क आहे. गोळी घे."

आईनं पिशवीतून बाटली काढली. गेल्या वेळचं, माझंच पाणी. मोरोलाकेच्या कपाळाला आठी पडली.

"उकळून घेतलंय गं. वाया कशाला घालवायचं?" असं म्हणत तिनं गोळी तोंडात टाकली आणि वरून दोन घोट घेतले.

काही कुटुंबं रस्त्यापलीकडे गेली, हे खरं. छप्पर अजून गळतं. पण सभेत आता पोरी उठून विचारतात, "कुठे लिहिलंय?" आणि पाळक पुस्तक उघडून शोधायला बसतात. परवा आईच आली होती मागच्या वाफ्यात पानं खुडायला, दमही न लागता.

माझ्याबद्दल एवढंच मागणं आहे. मला धुवा, भरा, माणसं उतरवा. पण संध्याकाळ व्हायच्या आत बूच काढा. अळू वाट बघत असतं.