मांडीमागचा ‘थांब’

मी एक जुना स्नायू आहे. मुक्काम उजव्या मांडीची मागची बाजू. माझी मालकीण जन्मापासून माझ्यावर बसते, पण तिने मला एकदाही पाहिलेलं नाही.

मित्रांनो, माझं काम सोपं वाटतं. धावताना पाय हवेतून पुढे झेपावतो, गुडघा सरळ होऊ लागतो, आणि पाऊल टेकायच्या आधी मला लगाम खेचावा लागतो, तोही मी स्वतः पुरता ताणलेला असताना. सेकंदाला दोनदा. कौतुक मात्र सगळे पोटरीचं करतात, कारण ती दिसते.

गेल्या वर्षी एका शर्यतीत मी टर्रकन फाटलो. काही आठवड्यांत सांधलो. फिजिओबाईंनी मालकिणीला पालथं झोपवून माझा जोर तपासला. मी पैकीच्या पैकी गुण मिळवले.

“दुखतंय?” तिला धावण्याचं शिकवणाऱ्या सरांनी विचारलं.

“नाही.”

“मग झालं बरं!”

सरांच्या मते जे दुखत नाही ते बरं असतं. त्या न्यायाने मैदानावर सगळ्यात ठणठणीत तब्येत खुर्चीची.

पण पळायला लागल्यावर भलतंच सुरू झालं. नेमक्या लगाम खेचायच्या क्षणी, माझ्या वणापाशी कुणीतरी म्हणे, “थांब.” आणि मी थांबे. मालकिणीला पत्ताच नसे. माझ्या वाटचं काम शेजारचे स्नायू ओढत. मी त्यांना विचारलं, कोण बोललं? ते म्हणाले, इथे तुझ्याशिवाय कोणी नाही. आवाज खरंच माझा होता. पण मी तोंड उघडलं नव्हतं. मला तोंडच नाही.

निवडीच्या शर्यतीच्या सकाळी फिजिओबाईंनी माझ्यावर वायरींच्या पट्ट्या चिकटवल्या आणि मालकिणीला जोरात पळवलं. पडद्यावर माझी रेघ उसळत होती, पण प्रत्येक पावलाआधी एक सपाट जागा.

“इथे हा गप्प बसतो बघ,” बाई म्हणाल्या. “आज पळालीस तर पुन्हा फाटायची भीती आहे.”

या शर्यतीसाठी मालकीण वर्षभर झिजली होती. ती रडली नाही. चौथ्या लेनचा बिल्ला काढून तिने धाकट्या बहिणीच्या हातात ठेवला. धाकटी राखीव होती. तिचीही मांडी दोन वर्षांपूर्वी फाटली होती.

“दुखतंय?” सरांनी धाकटीला विचारलं.

“नाही.”

“मग पळ!”

दोघी बाकावर मांडीला मांडी लावून बसल्या. धाकटी बुटाची नाडी बांधायला वाकली, आणि पलीकडून, दोन कातड्यांच्या आडून, मला स्वच्छ ऐकू आलं: “थांब.” माझ्याच आवाजात.

मी काय करणार? स्नायूला एकच भाषा येते. मी गच्च गोळा झालो.

“आई गं!” मालकीण किंचाळली.

“नाटकं नकोत हं ताई,” धाकटी म्हणाली. “मी पळतेय म्हणून पोटात दुखतंय ना?”

“पोटात नाही गं, मांडीत!” मालकीण कळवळली. मग एकदम थबकली. “तुला लावल्या होत्या का पट्ट्या?”

“मला कशाला? मला नाही दुखत.”

“मलाही आत्तापर्यंत दुखत नव्हतं.”

धाकटीने तोंड फुगवून बाईंकडून पट्ट्या लावून घेतल्या आणि पळून दाखवलं. पडद्यावर तीच सपाट जागा, त्याच ठिकाणी. तिने मुकाट्याने बिल्ला काढला.

“आता चौथ्या लेनमध्ये काय मी पळू?” सर ओरडले. त्यांच्या पोटाकडे बघून बाईंनी पट्ट्या गुंडाळायला घेतल्या.

मित्रांनो, एक विनंती. ‘दुखतं का’ एवढंच विचारून आम्हाला सोडू नका. पळताना आम्ही काम करतो का, तेही बघा. आम्ही सांधतो लवकर, आमची भीती सावकाश सांधते. तिला वेळ द्या.

ती भीती शेवटी जाते कुठे, मला ठाऊक नाही. एवढंच सांगतो. बंदूक वाजली, सात जणी सुटल्या, चौथी लेन रिकामी होती. आणि त्या रिकाम्या लेनमधून मला आठव्या जणीची पावलं ऐकू आली. अर्ध्या वाटेत कुणीतरी म्हणालं, “थांब.”

पावलं थांबली नाहीत. मग टर्रकन काहीतरी फाटलं, आणि बाकावर बसलेल्या दोघी बहिणींनी एकाच वेळी आपापली मांडी धरली.