चरबीचा पहिला वाटा

मित्रांनो, मी एक जुना रहाट आहे. विहिरीवरचा नव्हे, कड्यावरचा. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फॅरो बेटांवरच्या तोरवदाल गावी, समुद्राकडे झुकलेल्या कड्याच्या अगदी टोकाशी मी उभा आहे. माझे लोखंड आज असे चकाकते की गाडीतून उतरणारे पाहुणे आधी माझाच फोटो काढतात. "किती जपलंय बघा," असे एकमेकांना म्हणतात. तुम्हीही तसे म्हणण्याआधी माझे ऐकून घ्या.

माझा जन्म मासेमारीच्या जहाजासाठी झाला. माशांनी फुगलेली जाळी मी डेकवर ओढत असे. या देशात मासा आला तरच चूल पेटते, तेव्हा माझा रुबाब काय विचारता. पुढे ते जहाज मोडीत निघाले आणि तोरवदालच्या माणसांनी मला उचलून इथे आणले. या गावाला धक्का नाही, बंदर नाही. मागे डोंगर, पुढे कडा आणि खाली खवळलेले पाणी. होडी खाली हेलकावत उभी राही आणि मी तारेच्या दोराने लाकडी पाळणा वर ओढी. पीठ, कोळसा, मीठ, खिडक्यांच्या काचा, शाळेचा फळा, एकदा तर एक रागावलेला बैल, सगळे माझ्याच जिवावर वर आले. लोकर आणि वाळवलेले मटण माझ्याच जिवावर खाली गेले.

बिलाही माझ्याच पाळण्यातून आली. तिच्या लग्नाच्या दिवशी लाटा मोठ्या होत्या, खडकातल्या पायऱ्यांवर पाय ठेवण्याची सोय नव्हती. नवरी पाळण्यात बसली, बूट काढून मांडीवर घेतले आणि वर येईपर्यंत हसत राहिली. दांडा फिरवत होता तिचा नवराच. हानुस त्याचे नाव, या गावचा रहाटवाला.

"दमलास?" वर पोचल्यावर बिला त्याला म्हणाली. "अजून जन्मभर ओढायचंय मला."

गावात एक रीत होती. शरदात मेंढ्या कापल्या की पहिली कढईभर चरबी रहाटाची, मग माणसांची. इथला खारा वारा लोखंड कुरतडून खातो, म्हणून ही रीत. बिला ती चरबी डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवी आणि हानुस वर्षभर ती माझ्या आसाला, दात्यांना आणि दात्यांत अडकणाऱ्या खिट्टीला चोळत असे. पोरांनी त्या डब्यात बोट घातले तर बिला चमच्याने बोटावर मारी. घरात मलाही एक ताट होते म्हणा ना. मी सुखात होतो.

गाव मात्र आटत चालले होते. हानुस आणि बिलाची एकुलती एक लेक रानवा शिकायला राजधानीत गेली, तिथेच लग्न करून राहिली. तिला मुलगा झाला. हानुस तिला फोनवर पुन्हा पुन्हा विचारी, "घरी कधी येतेस राहायला?"

"रस्ता असता तर आले असते, बाबा," ती म्हणे. "पोराला ताप आला तर डॉक्टर काय तुझ्या पाळण्यातून आणू?"

हानुसने हे वाक्य मनात धरून ठेवले. रस्ता झाला की रानवा येणार. डोंगरातून बोगदा काढा, म्हणून राजधानीत खेटे घालणाऱ्यांत तो सगळ्यांत पुढे असे. पण साहेब लोक त्याच्या नातवासाठी हलले नाहीत. ते हलले ते गावप्रमुख सामलच्या बोलण्याने. आमच्या गावात दफनभूमी नाही. मेलेले माणूस खिंडीतून पलीकडच्या चर्चकडे खांद्यावरून न्यावे लागते. आळीपाळीने खांदा द्यायला आठ गडी लागतात.

"आम्ही आता सहावर आलोय, साहेब," सामल त्यांना म्हणाला. "आधी मरेल त्याला कसंबसं नेऊ. नंतर मरणाऱ्यानं काय करायचं, तेवढं तुम्हीच सांगा."

बोगदा मंजूर झाला. जिवंतांना मिळाला नाही तो रस्ता मेलेल्यांना मिळाला.

डोंगराच्या पलीकडून सुरुंगांचे आवाज येऊ लागले आणि हानुस मला विसरला. त्या शरदात बिलाने नेहमीप्रमाणे पहिली कढई उतरवली, तेव्हा त्याने डबा तिच्या हातातून काढून घेतला.

"ही रानवाला पाठव," तो म्हणाला. "उकडलेल्या माशावर घालून किती आवडीनं खाते ती."

"तिला दुसऱ्या कढईतली देईन. हा रहाटाचा वाटा आहे."

"अगं, उन्हाळ्यात बोगदा सुरू होतोय. याचं काय आता लोणचं घालायचंय?"

"उन्हाळा यायचाय अजून. मध्ये हिवाळा आहे, हानुस."

"बिला, पोर घरी येणार म्हणतोय मी, आणि तू लोखंडाचे लाड काय करतेस?"

बिलाने डब्यावर फडके बांधून दिले. डबा माझ्याच पाळण्यातून खाली गेला. माझ्या तोंडचा घास मीच खाली सोडला, मित्रांनो, सोडावाच लागला मला. दुसऱ्या कढईतली चरबी घराला जेमतेम पुरली. माझ्या वाट्याला त्या वर्षी चिंधीभरही आली नाही.

भर हिवाळ्यात बिला छातीच्या दुखण्याने गेली. खिंड बर्फाने बुजली होती आणि खांदे सहाच होते. शवपेटी माझ्याकडूनच खाली होडीत सोडायची, असे ठरले. रानवा त्याच होडीतून आली होती. उतरता येत नव्हते, म्हणून ती होडीतच उभी राहून वर बघत होती. हानुसने दांडा धरला. मी जिवाच्या आकांताने फिरत होतो, पण माझा आस कोरडा ठणठणीत होता. निम्म्या वाटेवर तो जाम झाला. खिट्टी गंजून दात्यांत घट्ट बसली. पाळणा वरही येईना, खालीही जाईना.

वारा वाढला. पाळणा कड्यावर आपटू लागला आणि प्रत्येक वेळी आतून लाकडावर लाकूड वाजल्याचा आवाज आला. सहाही जणांनी दांड्याला लटकून पाहिले.

"चरबी आणा कुणीतरी," सामल ओरडला. "हानुस, रहाटाचा डबा कुठंय?"

हानुसने दांडा सोडला नाही. माणसे त्याच्याच घरात धावली आणि रिकामी फळी बघून परत आली. खाली होडीवाल्याला आता थांबणे शक्य नव्हते. त्याने होडी वळवली. रानवा मागे तोंड करून उभी होती आणि दिसेनाशी होईपर्यंत तिने मान खाली घातली नाही. बिला दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच आभाळात टांगलेली राहिली. मग वारा पडला, होडी परत आली, पोरांना चमच्याने पाजायचे माशाचे तेल घराघरातून गोळा करून माझ्यावर ओतले गेले, आणि मी तिला खाली पोचवले.

"कशानं झालं असं, बाबा?" दफन झाल्यावर रानवाने पलीकडून फोनवर विचारले. हानुस तेव्हा माझ्यापाशीच उभा होता.

"यंत्रच जुनं झालंय," तो म्हणाला.

मी त्याच्या हाताशी असताना तो हे म्हणाला. मला त्याचा राग आला. अजूनही आहे.

उन्हाळ्यात बोगदा उघडला. फीत कापली गेली, बँड वाजला. हानुसने रानवाच्या खोलीला नवा रंग दिला होता, नातवासाठी खिडकीला गज बसवले होते. रानवा स्वतःच्या गाडीतून आली. खोली पाहून तिने बापाच्या गळ्यात हात टाकले.

"किती छान केलंयस रे. पण बाबा, आता काय, मनात आलं की येईन. राहायची गरजच कुठे उरली?"

हानुस गजांवरून हात फिरवत राहिला. ज्या वाटेने माणसे यायची होती, त्या वाटेने गावातली कपाटे आणि पलंग बाहेर गेले. सामलही लेकाकडे गेला. रानवा सुरुवातीला येई. मग आईची कबर पलीकडेच असल्याने तिथे फुले ठेवून तिथूनच परत जाऊ लागली. एका शरदात मात्र ती आली, तेव्हा हानुस माझ्या दात्यांना चरबी चोळत बसला होता. शेजारी डबा काठोकाठ भरलेला होता.

"मला देशील हा? आईनं शेवटचा पाठवला होता ना, तसली चव पुन्हा नाही मिळाली."

"हा नाही देता येणार. रहाटाचा आहे."

"अरे पण रहाटावर येतंय काय आता?"

हानुस चोळतच राहिला. खरे काय ते तेव्हा त्याला सांगता आले असते. मी वाट पाहिली. त्याचे ओठ हललेसुद्धा.

"दुसऱ्या कढईतली घेऊन जा," तो म्हणाला.

"आईला दिवसभर वाऱ्यात टांगून ठेवलं यानं," रानवा म्हणाली. "आणि तू यालाच भरवतोयस. माझी या लोखंडाएवढीही किंमत नाही ना तुला?" ती गाडीत बसली आणि बोगद्यात शिरली. त्यानंतर ती आलेली नाही.

मित्रांनो, ज्याच्या जिवावर तुमचे चालले आहे, त्याला नवे येणार म्हणून उपाशी ठेवू नका. माझे सांगणे एवढेच. हानुस आता एकटा राहतो. पहिली कढई पूर्ण माझी असते, दुसरीही बहुधा माझीच. रोज सकाळी तो मला वंगण घालतो आणि पाळणा खाली सोडतो. निम्म्या वाटेवर, जिथे बिला अडकली होती, तिथे त्याचा हात क्षणभर थांबतो. मग पाळणा अलगद पुढे जातो, पाण्यापर्यंत पोचतो आणि रिकामाच वर येतो. मी आता कुठेच अडकत नाही.