घराची उणीदुणी

नवऱ्याची बदली ओरत्तनाडूला झाली, म्हणून वसुमती तंजावुरातलं भाड्याचं घर सोडत होती. पण आपण लावलेला मोगरा आता दुसरीच कोणी माळणार, या विचारानं तिचा जीव जळत होता. त्यात घर बघायला आली भुवना. नवऱ्याचा कॉम्प्युटर क्लास, दारात कोरी करकरीत मारुती! हिला हे घर मिळता कामा नये, म्हणून वसुमतीनं त्याची सगळी उणीदुणी काढली. न्हाणीत पाणी तुंबतं, पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापते, मागच्या दाराला धड कडी नाही.

भुवनानं मन लावून ऐकलं. "अक्का, घर घेण्याआधी इतकं खरं कोण सांगतं?" म्हणाली आणि तडक घरमालकाकडे गेली. "एवढं करून द्या, मगच अ‍ॅडव्हान्स."

वसुमतीचं सामान टेम्पोत चढत होतं, तेव्हाच गवंडी आले. इतकी वर्षं तिला "पाहू, पाहू" म्हणणारा मालक त्यांना स्वतः न्हाणी दाखवत होता.

वसुमतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगणात जाऊन तिनं मोगऱ्याच्या फांद्या काडकाड मोडल्या.

भुवना दारातून बघत होती. "अक्का, जाता जाता छाटणीही केलीत!" ती हरखून म्हणाली. "आता बघा कसा भरभरून फुलतो."