चौथा मजला

नात खुर्च्यांची तिसरी ओळ सरळ करत होती, तेवढ्यात आत्यानं मागून येऊन तिचं मनगट धरलं.

"परत एकदा सांग ना गं. शेवटी कशी होती?"

पाच दिवसांतली ही आठवी की नववी खेप. आत्या परगावाहून पोहोचली तोवर सगळं उरकलं होतं. आईचं, म्हणजे नातीच्या आजीचं, जाणं तिच्या वाट्याला आलं ते फक्त ऐकीव.

"शांत होती, आत्या. मी शेजारीच होते. तिचा हात धरून बसले होते. एक मोठा श्वास घेतला आणि संपलं."

"घट्ट धरला होतास ना?"

"घट्ट."

आत्यानं डोळे पुसले आणि समाधानानं पहिल्या रांगेत जाऊन बसली. हॉस्पिटलचा हा तळमजल्यावरचा हॉल आज आजीच्या शोकसभेसाठी उघडून दिला होता.

खोटं बोलायचं असं नातीनं ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी फोनवर ती एवढंच म्हणाली, मी होते. दुसऱ्या दिवशी त्यात खुर्ची आली, तिसऱ्या दिवशी हात, आणि मग तो घट्ट झाला. खोटं पाहुण्यासारखं असतं. येताना एकटं येतं, मग एकेक सामान मागवून घेतं.

खरं एवढंच होतं, की त्या दुपारी साडेतीन वाजता नात खाली कँटीनमध्ये होती. आजीला घरघर लागली होती. श्वास मध्येच थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. आजी डोळे न उघडता म्हणाली होती, "देव यायचा तेव्हा येईल गं. तोवर तू बस." आणि नात म्हणाली होती, "चहा घेऊन आलेच." त्या चहावर जाड साय धरली तरी ती उठली नाही. पंचवीस मिनिटं. वर आली तेव्हा खोलीची खिडकी उघडलेली होती आणि थोरली सिस्टर चादर सरळ करत होती.

तेही कुणाच्या बाबतीत! नवरा गेल्यावर दोन पोरांना वाढवत आजीनं याच हॉस्पिटलात चौतीस वर्षं आयाचं काम केलं. फरशा पुसल्या, रोग्यांना शौचाची भांडी दिली, उलट्या काढल्या. निवृत्त झाल्यावर लोक घरी बसतात. ही बाई आणखी बारा वर्षं रोज येत राहिली. ज्याचं कुणी नाही त्याच्या उशाशी बसायला. सकाळी अर्धा तास डोळे मिटून खुर्चीत प्रार्थना करायची, त्या वेळात घर पेटलं तरी तिला हाक मारायची सोय नव्हती. मग पिशवी उचलायची. "देवाला सांगून झालं. आता आपलं काम." शेजारचे थट्टेनं म्हणायचे, आजारी पडावं तर हिच्या शेजारात पडावं. तिच्या बारा वर्षांत त्या वॉर्डातून एकटं कुणी गेलं नव्हतं. गेली ती तीच.

सभा सुरू झाली. मोठे डॉक्टर घड्याळाकडे बघत चार शब्द बोलले. मग थोरली सिस्टर उठली.

"मी इथं नवी होते. एक आजोबा चालले होते, आणि मी त्यांचा हात घट्ट आवळून बसले होते. आजींनी काय झापलं मला! म्हणाल्या, 'अगं बये, त्याला जायचंय आणि तू दावं बांधून ठेवलंस? हात धरायचा नसतो, खाली ठेवायचा असतो. त्याला वाटलं तर तो धरेल. वाटलं तर सोडेल.' तेव्हापासून या वॉर्डात कुणी हात धरत नाही." ती रडता रडता हसली. "यांच्या घरात तर पोरांना हे शाळेआधी शिकवलं असेल. काय हो, लिफ्टवाले?"

लोक हसले. लिफ्टवाले म्हणजे नातीचे वडील. हॉस्पिटलच्या दोन्ही लिफ्टची देखभाल त्यांच्याकडे होती. ते हसले नाहीत. त्यांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं.

नातीचे कान तापले. शाळेआधीच शिकवलं होतं. घरातलं म्हातारं मांजर गेलं, तेव्हा आजीनं तिचा एवढासा तळवा त्याच्या पंजाखाली सरकवला होता. वडील रागानं बघत असते तर परवडलं असतं. तसे ते बघत नव्हते.

सभा संपल्यावर ते लिफ्टजवळ उभे होते. ती गेली.

"बाबा."

"तू घट्ट म्हणालीस, तेव्हाच कळलं असतं मला," ते म्हणाले. "पण मला आधीपासून माहीत होतं."

"मी कँटीनमध्ये होते. मला तो आवाज ऐकवेना. पळाले मी, बाबा."

"पाहिलं मी तुला. या काचेतून."

तिला कळेना. कँटीनची काच लिफ्टच्या समोरच होती, ते खरं. पण वडील त्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला कामावर होते. तिथली एक लिफ्ट अडकली होती, म्हणून पोहोचायला चार वाजले, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

"तुम्ही तर कामावर होतात."

"तीनलाच आलो होतो." त्यांनी बटणावर अंगठा ठेवला, पण दाबलं नाही. "वर गेलो. चौथा मजला आला, दार उघडलं. समोरच तिची खोली. हे दार आठ सेकंद उघडं राहतं, मीच लावून दिलंय. आठ सेकंद उभा राहिलो. दार मिटलं. खाली आलो. तिथंच घुटमळलो. परत वर गेलो."

"बाबा..."

"चार वेळा. दुसऱ्यांदा खाली आलो तेव्हा तू दिसलीस चहासमोर. म्हणजे वर तिच्याजवळ कुणी नाही, हे कळलं होतं मला. कळूनसुद्धा पाऊल बाहेर पडेना. चौथ्यांदा दार उघडलं, तेव्हा आतून तुझं रडणं ऐकू आलं."

तिला त्यांचा भयंकर राग आला. आणि रागावायला आपल्याला तोंड नाही, हेही त्याच क्षणी कळलं.

"मला बस म्हणाली होती ती. तोंडानं म्हणाली होती."

"मला तर म्हणावंही लागायला नको होतं," वडील म्हणाले. "परक्यांसाठी सेहेचाळीस वर्षं, आणि आपण दोघं असून..."

बोलून काय होणार होतं? आजी परत मरणार नव्हती.

काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. हॉस्पिटलातले जुने न्हावी, रोग्यांच्या दाढ्या करायचे. त्यांची बायको याच वॉर्डात वारली होती.

"मी दुकानात गिऱ्हाईक करत होतो हो," ते म्हणाले. "निरोप पोहोचेपर्यंत कारभार आटोपला होता. पण तुमची आई होती तिच्याजवळ. त्या एका गोष्टीवर मी आजवर जगलो. परवा आजी गेल्याचं कळलं तेव्हा म्हटलं, आता देवाचा न्याय बघू. ही बाई एकटी गेली असेल, तर आपण त्याचं नाव घेणं सोडलं. पण आत्ता तुमच्या बहीणबाई म्हणाल्या, जवळ घरचं माणूस होतं म्हणून. खरं ना? कोण होतं?"

वडिलांनी लिफ्टच्या बटणावरून अंगठा काढला. हॉलच्या दारातून आत्या इकडेच बघत होती.

"दोघंही होतो, काका."

म्हाताऱ्यानं खात्री करायला नातीकडे पाहिलं. ती हो म्हणाली.