दोन मिनिटं आधी

हॅडलटनमध्ये नव्या बसड्रायव्हरला पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घ्यायला लावतात. उशीर झाला तर माफी आहे, लवकर निघालात तर नाही. उशिरा आलेल्या बसला माणसं शिव्या देतात आणि चढतात. लवकर गेलेल्या बसला शिव्या द्यायच्या तर ती समोर तरी हवी ना! डॉरीन पिल्चर हे एकोणीस वर्षं नव्या पोरापोरींना ऐकवत आली होती, हातवारे करून, हशा मिळवत.

आणि त्या मंगळवारी ती स्वतःच चार नंबरची बस घेऊन दोन मिनिटं आधी सुटली.

कारण मोठं असतं तर बरं झालं असतं. पोटात कळ यायला हवी होती, निदान घरून काही वाईट फोन तरी. तसलं काही नव्हतं. पडद्यांच्या बंद पडलेल्या दुकानासमोरून दहा बावन्नला सुटायचं होतं. दहा पन्नासला तिला कोपऱ्यावरून एल्डन ह्रुस्का येताना दिसले. ब्याऐंशी वर्षांचे, वॉकर ढकलत, रस्त्याकडेला लोटलेल्या बर्फातून वाट काढत. त्यांना घ्यायचं म्हणजे बटण दाबून बसचं नाक फुटपाथपर्यंत खाली करा, चढायची फळी टाका, वॉकर पट्ट्याने बांधा, आणि बांधता बांधता त्यांच्या बायकोने काल काय खाल्लं ते ऐका. मटार किती चमचे, बटाटा किती. डॉरीन रोज ऐकायची, मान डोलवायची. त्या दिवशी तिला नको झालं, एवढंच. शेवटच्या स्टॉपजवळ पेट्रोलपंपावर कॉफी मिळायची आणि ती तिला कोणाशीही न बोलता प्यायची होती.

ह्रुस्कांनी टोपी काढून हलवली. डॉरीनने दार लावलं, बस काढली, आणि आरशात बघून आपणही हात हलवला. हसून. जणू म्हातारा नुसती ओळख देत होता.

दार लावलं ते एक वेळ पचलं असतं. तो हात काही पचेना.

पुढची बस तासाभराने होती.

बुधवारी ह्रुस्का दिसले नाहीत. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली. गुरुवारी पावणेअकराला बस स्टॉपला लागली, तर ते आधीच उभे. शेजारी ग्लेंडा मोझर, दवाखान्यात चादरी धुणारी, कमरेवर हात ठेवून.

"वीस मिनिटं उभे आहेत हे," ग्लेंडा चढता चढताच कडाडली. "नाक बघ त्यांचं, बीट झालंय बीट! म्हटलं समोर औषधांच्या दुकानात थांबा, ऊब आहे. तर म्हणे, माझा माझ्यावर भरवसा नाही."

डॉरीनने फळी टाकली. एरवी ते चढताना "काय कॅप्टन, जहाज निघायचं का?" म्हणायचे. आज म्हणाले, "मी वेळेवर आलोय ना?"

"भरपूर वेळेवर, मिस्टर ह्रुस्का."

"विचारलेलं बरं."

ती वाकून वॉकरला पट्टा लावायला लागली. त्यांनी मटारांचं काढलं नाही. मंगळवारचं काढलं. त्यांची बायको व्हर्ना दुसऱ्या कोणाच्या हातून जेवत नाही, हे डॉरीनला माहीत होतं. साडेअकराला ती वृद्धाश्रमाच्या दारापाशी येऊन बसते, हेही. त्या दिवशी ती बसली, वाट पाहिली, आणि पाव पोचवायला आलेला माणूस बाहेर पडला तशी त्याच्या मागोमाग निघाली. अंगात स्वेटर, पायात घरातल्या चपला. गाड्या लावतात तिथे सापडली, एकेका गाडीत डोकावून बघताना. पायाची दोन बोटं काळीनिळी झालीत.

"आता कुलपातल्या भागात ठेवलंय तिला. तिथे जेवणाच्या वेळी घरच्यांना सोडत नाहीत. उद्यापासून मी दुपारी, दोन ते चार. आज तिचे कपडे तिकडे हलवायचेत म्हणून बोलावलंय."

"ती जेवते का?" डॉरीनने विचारलं.

"नाही जेवत. खरं सांगू? त्या दिवशी माझ्या घड्याळात दहा पन्नास झाले होते. कागदाच्या गिरणीने दिलेलं घड्याळ आहे, एकतीस वर्षांत मिनिटभर चुकलं नाही. आणि तू काही वेळेआधी जायची नाहीस. मग उरलं कोण? मीच काटे चुकीचे वाचले. व्हर्नाचंही असंच सुरू झालं होतं, काट्यांपासून."

डॉरीन पट्टा ओढत राहिली. तो केव्हाच घट्ट झाला होता.

"मुलगी येतेय शनिवारी, फिनिक्सहून. म्हणते, बाबा, आता एकटं राहायचं नाही, घर काढून टाकू. आतापर्यंत मी भांडत होतो. आता कशाच्या जोरावर भांडू?" त्यांनी खिशातून एक प्लास्टिकचं घड्याळ काढलं, मोठमोठे आकडे असलेलं. "यात काट्यांची भानगड नाही. तेवढं तुझ्या वेळेवर लावून दे. आणि मंगळवारी हात केलास ते बरं केलंस हां. म्हटलं, बिचारी सांगतेय, गेली वेळ, उगाच धावू नका."

डॉरीनने घड्याळ घेतलं. दोन बटणं दाबली. ते टीं करून वाजलं, आकडे लागले नाहीत. दहा बावन्न झाले होते. "उतरताना देते," म्हणाली आणि जाऊन बसली.

पुढे आठ स्टॉप. कचेरीत तिच्या नावावर एक लेखी समज आधीच होती, अशाच लवकर सुटण्याबद्दल. दुसरी आली की घरी बसायचं. हे तिने स्वतःला दोनदा समजावलं. दर स्टॉपला मागच्या दारातून उतरणारी माणसं सवयीने ओरडत होती, "थँक यू!" हॅडलटनमध्ये मुकाट उतरणारा माणूस एक तर परगावचा, नाही तर रुसलेला. एरवी डॉरीनला ते ऐकूही यायचं नाही. आज प्रत्येक थँक यू मानेवर येऊन बसत होतं.

आश्रमापाशी तिने बस उभी केली, जाऊन वॉकरपाशी गुडघ्यावर बसली आणि पट्ट्याकडे बघतच म्हणाली, "तुमचं घड्याळ बरोबर होतं."

"ते मलाही ठाऊक आहे. डोकंच..."

"डोकंही बरोबर होतं. मी दोन मिनिटं आधी निघाले."

ह्रुस्का तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुझं घड्याळ पुढे गेलं असेल."

त्यांनी स्वतःच सुटकेचं दार उघडून धरलं होतं. नुसती मान हलवली असती तरी ती त्यातून निसटली असती.

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला पाहिलं, आणि निघाले."

"अगं, निघतेस का मुक्काम करतेस?" ग्लेंडा मागून म्हणाली आणि दोघांचे चेहरे बघून गप्प झाली.

"का पण?" ह्रुस्कांनी विचारलं.

"कंटाळा आला होता."

"माझा?"

"मटारांचा," तिच्या तोंडून निसटलं. मग तिने मान वर केली. "तुमचा. हो."

ह्रुस्कांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते ओरडले असते तर तिला झेपलं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "लिहून दे."

"काय?"

"हेच. माझ्या बोलण्यावर आता कोण विश्वास ठेवणार? लिहून दे."

तिने वेळापत्रकाच्या कागदामागे लिहिलं, गुडघ्यावर ठेवून, वाकड्यातिकड्या अक्षरात: मंगळवारी चार नंबरची बस दहा पन्नासला सुटली. मिस्टर ह्रुस्का वेळेवर आले होते. मी त्यांना पाहिलं होतं. डॉरीन पिल्चर, ड्रायव्हर.

त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि परत दिला.

"हात केलास ते राहिलं."

डॉरीनचे कान तापले. ग्लेंडा खिडकीबाहेर बघत होती, नको इतकं लक्ष देऊन. डॉरीनने खाली आणखी एक ओळ लिहिली: आणि त्यांना हात केला.

ह्रुस्कांनी कागदाची घडी टोपीच्या अस्तरात सरकवली. "मुलगी वाचेल. तुझ्या साहेबांकडे जाईल की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही."

"ठरवा तुम्ही."

ते फळीवरून उतरत असताना तिने प्लास्टिकचं घड्याळ पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. दुसऱ्या खिशातून गिरणीचं घड्याळ काढलं, मनगटावर बांधलं, हात लांब धरला.

"अकरा वाजून सोळा," त्यांनी सावकाश वाचलं. "बरोबर?"

"बरोबर."

"मग ते तू ठेव. तुला लागेल."

ते दाराकडे निघाले, बर्फावर वॉकर आपटत, मागे न बघता. थँक यू म्हणाले नाहीत. डॉरीनने फळी उचलली.

सात मिनिटं उशीर झाला होता. त्याला माफी होती.

बारा वाजून काही मिनिटांनी, भलत्याच वेळेला, ते घड्याळ तिच्या खिशात टीं टीं वाजलं. मग तासाभराने पुन्हा. ते बंद कसं करायचं तिला कळलं नाही, आणि परतीच्या फेरीत ग्लेंडा समोरच बसली होती तरी डॉरीनने तिला विचारलं नाही.