रिकाम्या बाटल्या आणि मी

मी एक थर्मास बोलतोय. बोलतोय खरा, पण सगळं नीट आठवतंय का, याची मलाच खात्री नाही. झाकण लागलं की बाहेरचं मला अर्धंमुर्धं ऐकू येतं, आणि उरलेलं मी मनानंच भरून काढत आलो असेन. तेव्हा माझ्या शब्दावर फार विसंबू नका.

कारखान्यातला जन्म आठवत नाही. आठवतं ते श्रीरामपूरचं भांड्यांचं दुकान. तिथून कुणीतरी मला घेऊन कोल्हारला हनुमंतच्या घरभरणीत आहेर म्हणून दिलं. हनुमंत दुधाचा टेम्पो चालवतो. त्याच्या आईनं, साळूबाईनं, "फुटंल बया" म्हणत मला फडक्यात गुंडाळलं आणि फळीवर ठेवलं. चांगली वस्तू माणसं पाहुण्यांसाठी राखतात. पाहुणे येतात, तांब्यातून पाणी पितात आणि जातात.

मला खाली काढलं ते सत्यशीलासाठी, हनुमंतच्या बायकोसाठी. तिच्या छातीत गाठ निघाली. नगरला ऑपरेशन करून एक बाजू काढावी लागली. ते सरकारी योजनेतून झालं. पण पुढं वर्षभर, दर तीन आठवड्यांनी, एक इंजेक्शन चढवायचं होतं आणि त्याला मंजुरी येईना. एका बाटलीची किंमत ऐकून हनुमंत औषधांच्या दुकानाच्या पायरीवरच बसला.

मग मदतीसाठी वणवण सुरू झाली. मी पाण्यापुरता बरोबर असायचो. साहेब मीटिंगला गेलेले असायचे, नाहीतर एखादी झेरॉक्स कमी पडायची. एका कचेरीत सांगितलं, "आम्ही ऑपरेशनला मदत करतो. ते व्हायचं असतं तर दिली असती."

"मग काय परत करू का सायेब?" हनुमंत म्हणाला. कुणी हसलं नाही. बाकावर बसून बसून तोही थकला होता आणि मीही.

शेवटी नगरच्याच एका ट्रस्टनं हात दिला. तिथल्या राजेश्वरीताईंनी समजावून सांगितलं, "पहिल्या चार बाटल्या देतो. एकेक न्यायची, बर्फात. रिकाम्या बाटल्या मात्र जपून ठेवा भाऊ, लेबलासकट. पुढच्या मंजुरीला दाखवाव्या लागतात. लोक औषध बाहेर विकतात हो."

हनुमंतनं हे घरी येऊन बायकोला सांगितलं. आईला सांगितलं नाही. म्हातारीला असल्या गोष्टी कोण सांगत बसतं?

तेव्हापासून माझ्या पोटात बर्फ, त्यावर रुमाल आणि रुमालात ती बाटली. एसटीत एकदा कंडक्टर म्हणाला, "चहा पाजा की पाव्हनं!"

"चहा न्हाई, क्यान्सरचं औषद हाय."

मग त्यानं स्वतः उठून हनुमंतला जागा करून दिली.

गावाजवळच्या दवाखान्यात सत्यशीलाला औषध चढवून झालं की रिकामी बाटली माझ्यातूनच घरी यायची. हनुमंत मला फळीवर ठेवून संध्याकाळच्या दुधाला जायचा. बाटल्या बायकोनं पेटीत ठेवल्या असतील, असं तो धरून चालायचा. सत्यशीला भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. दिवेलागणीला साळूबाई मला धुवायला घ्यायची. आधी बाटली बाहेर काढायची, सुनेच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवायची, ऑपरेशनच्या जागेवर हात ठेवून थोडा वेळ तशीच बसायची. मग पदराखाली बाटली धरून प्रवरेच्या पुलाकडं निघायची. आजार घरात राहू नये म्हणून तो नदीला द्यायचा. जाताना बोलायचं नाही, मागं बघायचं नाही आणि नंतरही कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की उतारा फुकट जातो.

पाचव्या बाटलीसाठी निघताना हनुमंतनं पेटी उघडली.

"आये, बाटल्या कुठंयत?"

साळूबाई मला फडक्यानं पुसत राहिली.

"आगं इंजेक्शनच्या! त्या दावल्याबिगर पुढचं औषद मिळायचं न्हाई!"

"मला कुनी सांगितलं हुतं?" एवढंच ती म्हणाली आणि चपला घालू लागली. "मीबी येते."

ट्रस्टच्या कचेरीत हनुमंतनं बाटल्या हरवल्याचं सांगितलं. राजेश्वरीताईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "चारही हरवल्या? भाऊ, मी वर काय लिहू? विकल्या असंच धरतील. मदत बंद होईल."

मी साळूबाईच्या मांडीवर होतो. तिनं मला बाकावर ठेवलं आणि ती पुढं सरकली.

"सांगितलं तर उतरीवलेलं समदं परत सुनंवर यील," ती म्हणाली. "न सांगावं तर औषद न्हाई. मग मी काय करू, बाई?"

"काय ते बोला, आजी."

"नदीत सोडल्या. माज्या हातानं. पोराला ठावं न्हाई, सुनंला ठावं न्हाई."

राजेश्वरीताईंनी कोरा कागद पुढं ओढला. "हे लिहून देता?"

"अंगठा घे."

मंजुरी आली, पण आठवडाभर उशिरा. तो आठवडा त्या घरात कुणी धड जेवलं नाही. यापुढं आधीची रिकामी बाटली दाखवल्याशिवाय नवी मिळणार नव्हती. साळूबाईनं उतारा सोडला. मला धुऊन पालथं घालायची, सुनेच्या अंथरुणाकडं मात्र फिरकायची नाही. आपण बोललो, आता आपला हात तिला बाधेल, असं तिनं मनाशी घेतलं होतं.

वर्ष पुरं झालं, इंजेक्शनं संपली. सत्यशीला बरी आहे, तपासणीला जाऊन येते. साळूबाई मात्र गेली. माझी आतली काच तडकली आहे आणि बर्फ टिकत नाही, म्हणून सत्यशीला माझ्यात तुरीची डाळ भरते. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या फळीवर एखादा थर्मास असेल तर अडलेल्याला द्या. आणि घरात काही औषध आणलंत तर ते काय, कशासाठी, हे म्हातारीलाही सांगा.

साळूबाई बाटली उतरवायची तेव्हा सत्यशीला झोपलेली असायची का, ही शंका मला बरीच वर्षं होती. परवा राजूरची तिची बहीण पूजा आली होती. डाळ काढता काढता सत्यशीला तिला म्हणाली, "मी जागीच असायची गं. बाटल्या परत लागत्यात, त्येबी ठाऊक हुतं. पन ऑपरेशन झाल्यापासनं मला तिथं हात लावनारं घरात आत्याबाईच हुत्या."